थांबण्याची खूण

गोदीत मी वजनकाट्यावर कारकून होतो. माझ्या खोलीची एक भिंत प्लायवूडची होती आणि तिच्या पलीकडे स्टोअर. हातमोजे, हेल्मेट, साखळ्या, तारेचे दोर, ग्रीसचे डबे, साबण, काय लागेल ते तिथून मिळायचं. भिंत इतकी पातळ की स्टोअरवाल्याने चहाचा घोट घेतला तरी मला ऐकू यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण यातलं बरंचसं मी त्या भिंतीतून ऐकलं. उरलेलं नंतर क्रेनवाल्याने आणि त्याच्या बायकोने सांगितलं.

स्टोअरवाल्याबद्दल वाईट बोलणारा माणूस गोदीत शोधून सापडला नसता. कुणाची बायको आजारी पडली की हा विचारपूस करायला घरी जायचा. कुणाची रजा अडली की साहेबांकडे शब्द टाकायचा. बोलणं मऊ, आवाज कायम खालच्या पट्टीत. दोघांचं बिनसलं की लोक त्यालाच मध्ये घालत, आणि तो समेटही घडवून आणायचा, पण असा की पंधरा दिवसांनी तीच दोन माणसं पुन्हा त्याच्या खिडकीशी उभी. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे भांडकुदळ माणसं जास्त, एवढंच मी धरून चाललो होतो.

तीन नंबरच्या धक्क्यावरची क्रेन बावीस वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली होती. धिप्पाड गडी, बोलायला कमी, दिल्या शब्दाला पक्का. त्याच्याहून वयाने मोठे असलेलेही त्याला दादा म्हणत. शिडी चढून तो वर केबिनमध्ये बसला की खाली जहाजाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नसे. त्यासाठी एक माणूस जहाजाच्या उघड्या खणाच्या काठावर उभा राहतो आणि हाताने खुणा करतो. बोट वर केलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ दाखवली की थांब, असशील तिथे थांब. वायरलेस होते, पण इंजिनांच्या गोंगाटात त्यातून खरखरीशिवाय काही येत नसे. दादाचा भरवसा हातावर.

आणि तो हात नऊ वर्षं त्याच्या मेहुण्याचा होता. बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा तो बहिणीकडे आला आणि तिथेच वाढला. दादाला मूलबाळ नव्हतं. त्याने या मेहुण्याला शिकवलं, कामाला लावलं, त्याच्या तापात उशाशी बसला. गोदीत सगळे त्याला धाकटा म्हणत. हसरा, चळवळ्या, शिट्टी वाजवत चालणारा. नऊ वर्षांत या दोघांच्या हातून एक खोकंसुद्धा आपटलं नव्हतं.

धाकट्याच्या आधी काठावर उभा राहायचा तो स्टोअरवाला. एकदा त्याने खूण द्यायला उशीर केला आणि लाकडाचा गठ्ठा जहाजाच्या कठड्याला घासून गेला. कुणाला खरचटलंही नाही. दादा ओरडला नाही, चारचौघांत बोलला नाही. खाली उतरला आणि साहेबांना म्हणाला, मला उद्यापासून दुसरा माणूस द्या. मग याला स्टोअरमध्ये टाकलं. बसून खायचं काम मिळालं असं म्हणत त्याने हसत हसत सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो.

गोष्ट बिघडली ती दादाच्या डोळ्यांवरून. उजव्या डोळ्यापुढे धुकं येऊ लागलं होतं. तो कुणाजवळ बोलला नाही, पण घरात बायकोला कळलंच. पाणी ओतताना तांब्याची धार पेल्याबाहेर पडायची. धक्क्यावर धाकट्यालाही कळलं, कारण खूण दिल्यावर क्रेन एक क्षण उशिरा हलायची. धाकट्याने गाजावाजा न करता उपाय केला. तो एका उलट्या पेटीवर उभा राहू लागला आणि खुणा मोठ्या करू लागला, हात पूर्ण ताणून, डोक्याच्या वर नेऊन. घरी भाऊ आणि बहीण स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलत. याला डॉक्टरकडे न्यायचं कसं, आणि क्रेन सुटली तर हा माणूस जगेल का. दादा आत आला की दोघं गप्प होत.

शेवटी धाकट्याने तेच केलं जे गोदीतल्या कुणीही केलं असतं. तो स्टोअरवाल्याकडे सल्ल्याला गेला. मी पलीकडे पावत्या लावत बसलो होतो.

स्टोअरवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, काळजी करू नकोस, तू दादाचा मुलगाच आहेस, तूच विचार करणार. आधी ऑफिसात जाऊन नियम काय आहे तो विचारून घे. नजर अधू झाली तर माणसाला खालचं काम देतात की घरी बसवतात. नाव घेऊ नकोस, नुसतं विचार. आणि तोवर दादाजवळ अवाक्षर काढू नकोस, तो मानी माणूस आहे, उगाच जिव्हारी लागायचं.

सल्ला चांगला होता. मीही तोच दिला असता.

धाकटा ऑफिसात जाऊन आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा ग्रीस न्यायला खिडकीशी आला. डबा काढता काढता स्टोअरवाल्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? काल धाकटा ऑफिसात दिसला. दादाने विचारलं, कशाला गेला होता. हा म्हणाला, ते मी कसं सांगू, तरुण पोरगा आहे, पुढचा विचार करत असेल, आणि करायलाच हवा.

"कुठला पुढचा?" दादा म्हणाला.

"काही नाही रे. मी आपलं बोलून गेलो. सोड."

डबा खिडकीच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि दादाची जड पावलं लांब गेली.

आग लावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ते काडी ओढतात आणि बहुधा स्वतःचीच बोटं भाजून घेतात. या माणसाने काडीला हात लावला नाही. तो नुसता रोज थोडं थोडं गवत वाळत घालत राहिला. दादा आला की तो धाकट्याची स्तुती करायचा. मग स्तुतीच्या शेपटाला एखादा 'पण' लावायचा आणि तिथेच थांबायचा. वाक्य दादाला पुरं करावं लागे. आणि आपण स्वतः पुरं केलेल्या वाक्यावर माणूस शंका घेत नाही.

एकदा तो म्हणाला, "धाकटा हल्ली खुणा फार मोठ्या करतो, नाही? पार गेटवरून दिसतं. लोकही विचारतात, दादाला कमी दिसतं का म्हणून. मी त्यांना सांगतो, गप्प बसा, तुम्हाला काय करायचंय."

दुसऱ्यांदा म्हणाला, "ऑफिसात जाऊन चौकशी मात्र करू नकोस हं. उगाच काही कानावर यायचं आणि तुझ्या मनाला लागायचं. घरातली गोष्ट घरात राहू दे."

अर्थात दादा ऑफिसात गेला. तिथल्या बाईंनी निर्मळ मनाने सांगितलं, हो, तुमचा मेहुणा आला होता, क्रेनवाल्याची नजर गेली तर त्याच्या जागी माणूस कसा घेतात ते विचारत होता. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले होते. तेवढे पुरले.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरातली कुजबुज त्याला पाहून थांबली. त्याने बायकोला विचारलं, काय बोलत होता. ती म्हणाली, काही नाही, असंच. या सगळ्या प्रकरणात सरळसरळ खोटं बोललेलं माणूस एकच, ती. आणि तेही मायेपोटी. पुढे तिने मला सांगितलं की ते दोन शब्द तिला अजून तोंडात जाणवतात.

दादाने घरात आकांडतांडव केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, गोष्ट तिथेच फुटली असती. तो फक्त धाकट्याशी बोलायचा थांबला. जेवायला वेगळा बसू लागला. धाकट्याला वाटलं, डोळ्यांच्या काळजीने दाजी असे झालेत, आणि तो आणखी सांभाळून, आणखी मोठ्या खुणा करू लागला. दाजी बोलत नाहीत म्हणून तो पुन्हा त्याच खिडकीशी आला. स्टोअरवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला असणार, कारण धाकट्याचा आवाज भरून आलेला मला ऐकू आला. जरा थांब, स्टोअरवाला म्हणाला, निवळेल आपोआप, मी आहे ना.

तेव्हा मी काय करत होतो, हेही सांगायला हवं. माझ्या मुलीच्या बदलीचं काम याच माणसाने साहेबांकडून करून आणलं होतं. शिवाय वाटायचं, दुसऱ्यांच्या घरगुती भानगडीत आपण कशाला पडा. एकदा मी त्याच्या खिडकीशी जाऊन म्हणालो की जरा फार होतंय. तो माझ्याकडे अगदी सरळ पाहून म्हणाला, "मी काय केलं? दोघांनाही मीच सांभाळतोय." आणि खोटं वाटेल, पण मला ते पटलं. निदान परत येऊन बसण्याइतपत पटलं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे जहाजात भरायचे होते. सकाळी दादा हातमोजे बदलायला आला. स्टोअरवाला म्हणाला, "दुपारी साहेब धक्क्यावर येणार आहेत म्हणे. कशाला ते मला विचारू नकोस. तू आपलं शांतपणे काम कर. आणि धाकट्याने मध्येच उगाच थांबवलं बिवलं, तर डोकं फिरवून घेऊ नकोस. साहेबांसमोर शोभा नको."

साहेबांना त्यानेच चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं, हे मला मागाहून ऑफिसात कळलं. झिजलेले तारेचे दोर पाहून जा, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. ते दोर खरोखरच झिजलेले होते.

दुपारचं ऊन लख्ख होतं. साहेब आले, छत्री घेतलेला एक माणूस त्यांच्या मागे. मी खिडकीतून पाहत होतो. दोन गठ्ठे नीट खाली गेले. तिसरा खणाच्या तोंडावर आला तेव्हा खाली एका म्हाताऱ्या कामगाराचा पाय टेकूच्या दोन लाकडांमध्ये अडकला. धाकट्याने मूठ वर केली. पेटीवर उभा राहून, हात डोक्याच्या वर ताणून. मला ती माझ्या खोलीतून दिसली, साहेबांना दिसली, धक्क्यावरच्या सगळ्यांना दिसली. क्रेन थबकली. हेही सगळ्यांनी पाहिलं. एक, दोन, तीन म्हणावं इतका वेळ गठ्ठा जागच्या जागी लोंबत राहिला.

आणि मग तो खाली जाऊ लागला.

धाकट्याने दोन्ही मुठी वर केल्या. मग मुठी सोडून तो शिडीवरून खणात उतरला, उतरला काय, पडलाच. त्याने म्हाताऱ्याला लाकडांतून ओढून बाजूला लोटलं. म्हातारा वाचला, एक पाय मोडला फक्त. गठ्ठ्याची कड धाकट्याला जहाजाच्या भिंतीवर घेऊन गेली.

दादा शिडीवरून खाली आला तो एकही पायरी न चुकता. कुणीतरी त्याला अडवायला गेलं, त्याने त्या माणसाला हाताने हळूच बाजूला केलं. खणातून धाकट्याला वर काढेपर्यंत तो काठावर उभा होता. मग खाली बसला आणि त्याने धाकट्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. त्याने तसं का केलं ते मी कधी विचारलं नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. तोवर डॉक्टरांनी दादाचे डोळे तपासले होते. उजवा जवळजवळ गेलेला, डावाही मार्गावर. वकील म्हणाला, मग काही अवघड नाही, याला खूण दिसलीच नाही, हा अपघात आहे. बायकोनेही तेच धरलं. भाऊ गेला होता, आता नवरा तरी राहावा म्हणून ती त्याला हात जोडून सांगत होती, एवढंच म्हणा, दिसलं नाही. स्टोअरवाल्याची साक्ष झाली. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला की दादासारखा माणूस गोदीत दुसरा नाही, त्याच्या नजरेची सगळ्यांनाच काळजी होती, त्याचा काही दोष नाही.

मग दादाला विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला मूठ दिसली."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. वकिलाने त्याची बाही ओढली.

"स्वच्छ दिसली. हात पूर्ण वर होता. मला वाटलं, साहेबांसमोर मला आंधळा ठरवायला तो थांबवतोय. म्हणून मी सोडलं."

त्याची बायको पुढच्या बाकावर होती. ती रडली नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, जणू हा माणूस कोण हे तिला कुणीतरी सांगावं.

असं वाटायला लावलं कुणी, हे त्याला विचारलं गेलं. दादा खूप वेळ आठवत राहिला. मला कळत होतं तो काय शोधतोय. तो एक असं वाक्य शोधत होता ज्यात स्टोअरवाला धाकट्याबद्दल वाईट बोलला असेल. ते नव्हतंच. "तसं कुणी काही म्हणालं नाही," तो म्हणाला. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मला सगळी वाक्यं पाठ होती. मी बसून राहिलो.

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

आठ दिवस मला अन्न गेलं नाही. नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. धाकट्याचे कपडे घडी करून खुर्चीवर ठेवलेले होते. मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, भाऊ, ती वाक्यं पुन्हा सांगा, जशीच्या तशी. मी सांगितली. तिने दोनतीन जागी नेमका शब्द कोणता होता ते विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही हे कोर्टात का नाही सांगितलं?" तिने दार उघडून धरलं, मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना ती स्टोअरच्या खिडकीशी आली. हातमोजे आणि साबण घ्यायला चाळीसएक माणसं रांगेत होती. स्टोअरवाला उठून उभा राहिला, म्हणाला, या वहिनी. ती तिथे उभी राहून एकेक वाक्य म्हणू लागली. आवाज न चढवता, जसं तो बोलायचा तसंच. कुणाला म्हटलं, केव्हा म्हटलं, मग कुठे थांबला. धाकट्याला ऑफिसात पाठवलं ते. दादाला ऑफिसात जाऊ नको म्हटलं ते. साहेबांना पाठवलेली चिठ्ठी. रांगेतली माणसं आधी चुळबुळली, मग एकेक करून गप्प झाली. तिथल्या बहुतेकांच्या घरी कधी ना कधी हा माणूस विचारपूस करायला गेलेला होता, आणि आता ज्याला त्याला स्वतःच्या घरातलं काहीतरी आठवत होतं.

"वहिनी, यातलं एक तरी खोटं आहे का?" स्टोअरवाला म्हणाला.

"नाही भावोजी," ती म्हणाली. "एकही नाही. म्हणून तर सगळ्यांना ऐकवायला आले."

पोलिसांनी त्याला एकदा बोलावून सोडून दिलं. कुठलं कलम लावणार? नोकरीही गेली नाही. निवृत्त होईपर्यंत तो त्याच खिडकीत बसला. लोक येत, चिठ्ठी सरकवत, सामान उचलत, सही करत. कुणी त्याच्याशी बोलत नसे. पहिल्या महिन्यात तो पलीकडे स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. मग तेही थांबलं.

त्याने हे का केलं असेल यावर गोदीत पुष्कळ चर्चा झाली. जुन्या बदलीचा डूख, धाकट्याचा हेवा, मूल नसलेल्या माणसाला मिळालेलं मूल पाहवलं नाही. कुणी तर म्हणालं की तो मुळात तसलाच, विंचवाला कारण लागत नाही. मला कुठलंच पुरेसं वाटेना. तो निवृत्त व्हायच्या आधी चार दिवस मी त्याच्या खिडकीशी गेलो आणि विचारलं. मला वाटलं, तो हसून उडवून लावील.

तो म्हणाला, "त्याने मला काठावरून काढलं, त्याचं नाही रे काही. चूक माझीच होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो भेटला आणि म्हणाला, काय, बरं आहे ना? जसं काही झालंच नाही. माझं काम गेलं, घरी सांगायची लाज वाटली, महिनाभर मी त्या धक्क्याकडे पाहिलं नाही. आणि तो विसरूनही गेला. मग रोज सकाळी, नऊ वर्षं, बरं आहे ना." मग म्हणाला, "मला फक्त बघायचं होतं, त्याच्याही डोक्यात काही राहतं का."

"धाकट्याचं काय?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. धाकट्याचा त्याने विचारच केला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. मी खोलीत परत आलो आणि त्या दिवशी एक पावती चुकीची फाडली.

दादा शिक्षा भोगून सुटला तेव्हा त्याला फक्त उजेड आणि सावली कळत होती. त्याला आणायला त्याची बायको गेली. शेजारच्या बायका तिला म्हणाल्या, सख्ख्या भावाला मारणाऱ्याला घरात कसं घेतेस? ती म्हणाली, घेते कुठे, घर त्याचंच आहे.

मी अधूनमधून तिथे जातो. ती मला पाणी देते, बसा म्हणत नाही, पण जा असंही म्हणत नाही. दादा दाराजवळच्या खुर्चीत बसलेला असतो. घरातली दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. औषध घेतलं का, दार लावू का, आज थंडी आहे. परवा मी उठलो तेव्हा दादाने विचारलं, भिंतीपलीकडच्याचं काय झालं. मी म्हटलं, निवृत्त झाला, एकटाच असतो, कुणी जात नाही त्याच्याकडे.

आतून ती म्हणाली, "जेवायला वाढलंय." तो भिंतीला हात लावत उठला आणि आत गेला.